यंत्राला बोलतं करणारा माणूस

२१ जून १९४० ची सकाळ. पॅरिस जर्मनांच्या हाती पडून बरोबर एक आठवडा झाला होता. लंडनमध्ये हवाई मंत्रालयातला एक २८ वर्षांचा तरुण ऑफिसात आला, तर टेबलावर चिठ्ठी होती. १० डाउनिंग स्ट्रीटला मंत्रिमंडळाच्या खोलीत या, असा निरोप होता. त्याला वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय. हे वाटणं साहजिकच होतं, कारण लोकांच्या फिरक्या घेण्यात तो स्वतःच पटाईत होता. निरोप खरा आहे याची खात्री करून तो तिथे पोचला तेव्हा बैठक सुरू होऊन जवळजवळ अर्धा तास झालेला. टेबलाभोवती चर्चिल, मंत्री, वायुदलाचे बडे अधिकारी. चर्चिलनी त्याला तांत्रिक तपशिलाचा एक प्रश्न विचारला. तरुणाच्या लक्षात आलं की इथे कुणालाच पूर्ण गोष्ट माहीत नाही. मग तो म्हणाला, की मी सुरुवातीपासूनच सांगितलं तर चालेल का? परवानगी मिळाली आणि पुढची वीस मिनिटं देशाचा पंतप्रधान एका पोरसवदा फिजिक्सवाल्याचं लेक्चर ऐकत बसला.

मित्रांनो, हा तरुण म्हणजे रेजिनाल्ड व्हिक्टर जोन्स, ऊर्फ आर. व्ही. जोन्स. आपल्या अभ्यासक्रमात रडार येतं, अँटेना येतो, फिल्टर तर चारही वर्षं येतो. जोन्स मात्र कुठेच येत नाही. त्यांचं १९७८ साली निघालेलं ‘मोस्ट सीक्रेट वॉर’ हे आत्मवृत्त मी ऐन पीएलमध्ये वाचलं (पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचून होतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!). शत्रूचं एखादं अनोळखी यंत्र, त्याचा तुटका तुकडा, कधी कधी तर नुसतं नाव हाताशी घेऊन ते काय आहे आणि कशासाठी आहे, हे ओळखणं हाच या माणसाचा युद्धातला धंदा होता. तो त्याने कसा केला, हे आपल्याला उपयोगी पडण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

जोन्सचा जन्म २८ सप्टेंबर १९११ चा, लंडनमधल्या हर्न हिल भागातला. वडील सैन्यात सार्जंट. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण शिष्यवृत्तीच्या बळावर. शाळेत असल्यापासून रेडिओ जुळवायचा नाद. पुढे ऑक्सफर्डच्या वॅडम कॉलेजात फिजिक्स घेतलं, १९३२ साली फर्स्ट क्लास मिळवला आणि १९३४ साली डॉक्टरेट. तिथल्या क्लॅरेन्डन प्रयोगशाळेचे प्रमुख होते फ्रेडरिक लिंडेमन, म्हणजे चर्चिलचे खास मित्र आणि विज्ञानातले सल्लागार. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑक्सफर्डमधला त्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोन्सनी टेलिफोन खात्याचा माणूस असल्याचं सोंग घेऊन एका संशोधकाला फोन केला, तुमच्या लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे म्हणून सांगितलं आणि तपासणीच्या नावाखाली एकेक चाचणी करायला लावली. करता करता त्या विद्वान गृहस्थाने टेलिफोन पाण्याच्या बादलीत बुडवला! यात नुसता वात्रटपणा नव्हता. माणूस एखादी गोष्ट खरी का मानतो, कुठल्या पुराव्यावर मानतो, याचा जोन्सनी अभ्यासच केला होता. युद्धानंतर, १९५७ साली, थट्टामस्करी आणि फिजिक्स यांच्या नात्यावर त्यांनी चक्क एक शोधनिबंध लिहिला. फसवणारा कसा विचार करतो हे ज्याला कळतं, त्याला फसवणं कठीण जातं. हे पुढे कामाला आलं.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जोन्सना हवाई मंत्रालयाच्या गुप्तवार्ता विभागात पाठवलं गेलं. हेरगिरीच्या खात्यात वैज्ञानिक बसवण्याची ही पहिलीच वेळ. हाताखाली कुणी नाही, काम काय ते कुणी नीट सांगितलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोहून एक पाकीट येऊन पडलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत जर्मन शस्त्रांची माहिती देणारी काही टाइप केलेली पानं आणि काचेची एक छोटी नळी. पानांत रडार होतं, रॉकेट होतं, विमानांना वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणा होत्या. एकाच माणसाला एवढं सगळं माहीत असणं शक्य नाही, तेव्हा ही थाप असणार, असं म्हणून मोठमोठ्या लोकांनी ते बाजूला टाकलं. जोन्सनी मात्र आधी ती काचेची नळी पाहिली. लक्ष्याजवळ जाताच बॉम्बगोळा फोडणाऱ्या फ्यूजचा तो भाग होता आणि चांगला बनवलेला होता. जो माणूस खरी वस्तू पाठवतो, त्याचे शब्दही तपासून बघायला हवेत, असा त्यांनी हिशेब केला. पानं जपून ठेवली आणि युद्धात जरा रिकामा वेळ मिळाला की ती काढून, आता पुढे काय येणार, ते पाहायचे. पाठवणारा होता सीमेन्स कंपनीतला हान्स फर्डिनांड मायर हा जर्मन शास्त्रज्ञ. हे नाव जगाला कळलं १९८९ साली, जोन्सच्याच पुस्तकातून.

आता त्या जूनच्या सकाळी जोन्सनी चर्चिलना काय सांगितलं, ते पाहू.

१९४० च्या मार्चमध्ये पाडलेल्या एका हाइन्केल बॉम्बर विमानात एक कागद सापडला. त्यात क्नीकेबाइन असा शब्द होता. अर्थ वाकडा पाय. जूनमध्ये ब्लेचली पार्कमध्ये उलगडलेल्या एका एनिग्मा संदेशात तोच शब्द पुन्हा आला. सोबत क्लीव्ह हे जर्मन गाव आणि इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका जागेचे अक्षांश-रेखांश. जोन्सना वाटलं की क्लीव्हहून इंग्लंडवर एक अरुंद रेडिओ झोत सोडलाय आणि रात्रीच्या अंधारात तो धरून जर्मन विमानं लक्ष्यापर्यंत येणार आहेत. पण मग विमानात तो झोत ऐकणारा रिसीव्हर कुठाय? पाडलेल्या विमानांत असं नवं काही सापडलेलं नव्हतं. कैदेत असलेल्या एका जर्मन वैमानिकाचं बोलणं चोरून ऐकण्यात आलं होतं. तो सोबत्याला सांगत होता, की कितीही शोधलं तरी इंग्रजांना ते सापडायचं नाही. जोन्सनी विचार केला, की याचा अर्थ ते नाकासमोरच ठेवलेलं असणार.

प्रत्येक हाइन्केलमध्ये लॉरेन्झ पद्धतीचा एक रिसीव्हर असायचाच. धुक्यात विमान उतरवण्यासाठी ही नेहमीची सोय होती. धावपट्टीच्या टोकाशी ट्रान्समीटर. एका बाजूच्या झोतात डॉट, दुसऱ्या बाजूच्या झोतात डॅश. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे सलग सूर ऐकू येतो. सलग सूर आला की वैमानिक बरोबर मधल्या रेषेवर आहे. ब्रिटिशांनाही ही पद्धत माहीत होती. १९३९ मध्ये पाडलेल्या एका हाइन्केलमधला हा रिसीव्हर फार्नबरोच्या संशोधन केंद्रात तपासून, साधा लॉरेन्झ म्हणून त्याचा रिपोर्टसुद्धा झालेला होता. जोन्सनी तपासणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला आणि विचारलं, की त्यात काही वेगळं आढळलं का? तो नाही म्हणाला. मग जरा थांबून सहज बोलल्यासारखं म्हणाला, की विमान उतरवायला लागते त्यापेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी मात्र फारच जास्त आहे.

झालं! जोन्सना हवं होतं ते मिळालं.

आपण इथे जरा थांबू या. सेन्सिटिव्हिटी फुकट मिळत नाही. तिच्यासाठी जास्त व्हॉल्व्ह लागतात, वजन वाढतं, बिघाडाच्या जागा वाढतात. बॉम्बर विमानात तर किलोकिलोचा हिशेब असतो. तरीही डिझाइन करणाऱ्याने ती दिली, म्हणजे त्याला ती कुठेतरी लागत होती. धावपट्टी काही मैलांवर असते, मग शेकडो मैलांवरचा क्षीण सिग्नल ऐकायची तयारी कशाला? फार्नबरोच्या इंजिनिअरने मोजमाप अचूकच केलं होतं. पण यंत्र काय करतं एवढंच रिपोर्टमध्ये आलं. ते तसं का केलं, हा प्रश्न फोनवर आला. मला विचाराल तर जोन्सच्या साऱ्या कामाचं सार या एका फोनमध्ये आहे. अनोळखी यंत्र समोर आलं की त्यात कामापेक्षा जास्तीचं काय आहे ते शोधायचं आणि त्या जास्तीचा जाब विचारायचा.

बैठक संपली तेव्हा त्याच रात्री विमान पाठवून झोत शोधायचा, असं ठरलेलं होतं. दुपारी आणखी एक बैठक झाली. तिथे रेडिओलहरींचे त्या काळचे मोठे तज्ज्ञ एकर्सली म्हणाले, की या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पृथ्वीच्या गोलाईबरोबर एवढ्या वाकतच नाहीत, तेव्हा झोत इंग्लंडपर्यंत पोचणार नाही. मग पेट्रोल कशाला जाळा, असा सूर निघाला. जोन्स अडून बसले. हुकूम पंतप्रधानांचा आहे, तो कोण रद्द करतो ते मला बघायचंय, अशा थाटात त्यांनी उत्तर दिलं. रात्री ॲन्सन जातीचं एक छोटं विमान निघालं. स्पाल्डिंग गावाच्या दक्षिणेला त्यांना ३१.५ मेगाहर्ट्झवर झोत सापडला. रुंदी अवघी ४०० ते ५०० यार्ड, एका बाजूला डॉट, दुसऱ्या बाजूला डॅश. दुसरा झोत वेगळ्या दिशेने येऊन पहिल्याला छेदत होता आणि छेदनबिंदू पडत होता डर्बीजवळ, जिथे रोल्स-रॉइसचा विमान-इंजिनांचा कारखाना होता. यानंतर तो झोत बिघडवण्याचे उपाय सुरू झाले. क्नीकेबाइनला ब्रिटिशांनी टोपणनाव ठेवलं होतं हेडेक, म्हणजे डोकेदुखी. मग त्याच्यावरच्या जॅमरचं नाव काय असणार? ॲस्पिरिन!

इथपर्यंत सगळं ऐकायला मजेचं वाटतं. पण अशा ओळखण्यावर माणसं जगत होती आणि मरत होती, हे विसरून चालणार नाही.

जर्मनांची पुढची यंत्रणा होती एक्स-गेरेट. फ्रिक्वेन्सी वरची, ६६ ते ७७ मेगाहर्ट्झ. एक मुख्य झोत, त्याला छेदणारे आडवे झोत आणि विमानाचा वेग धरून बॉम्ब कधी टाकायचा ते ठरवणारं खास घड्याळ. निवडक वैमानिकांची एक तुकडी हे वापरून आधी जायची, आगी लावायची आणि मागून येणारी विमानं त्या आगीवर बॉम्ब टाकायची. जोन्सनी संदेशांचे तुकडे जुळवून हिची रचना बरीचशी ओळखली आणि तिच्यासाठी ब्रोमाइड नावाचे जॅमर तयार झाले. ६ नोव्हेंबर १९४० ला या तुकडीचं एक हाइन्केल इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेस्ट बे इथे उथळ पाण्यात उतरलं. आत पूर्ण एक्स-गेरेट. विमानावर हक्क कुणाचा, भूदलाचा की नौदलाचा, यावरून किनाऱ्यावर वाद झाला. ओढताना दोर तुटला आणि विमान आणखी खोल गेलं. शेवटी रिसीव्हर बाहेर आला तो खारं पाणी आणि वाळू भरूनच. तो साफ करून तपासेपर्यंत १४ नोव्हेंबरची रात्र येऊन गेली. त्या रात्री कॉव्हेन्ट्री शहर जळालं. पाचशेहून अधिक माणसं मेली, मध्ययुगीन कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या.

नंतर तपासणीत दिसलं की रिसीव्हरमध्ये एक फिल्टर आहे आणि तो २००० हर्ट्झच्या सुराला लावलेला आहे. ब्रिटिश जॅमरचा सूर होता १५०० हर्ट्झ. म्हणजे जॅमर अगदी योग्य फ्रिक्वेन्सीवर असला, तरी त्याचा आवाज त्या फिल्टरपाशी अडणार आणि जर्मन वैमानिकाला आपला झोत स्वच्छ ऐकू येणार. मोजणाऱ्याने सूर नीट मोजला नव्हता. जोन्सनी याबद्दल पुढे जे लिहिलंय, ते वाचताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा संताप जाणवतो. बँडपास फिल्टरचं प्रॅक्टिकल आपण कसं उरकतो, हे आपलं आपल्याला ठाऊक आहे. रीडिंग मित्राच्या जर्नलमधून येतं, ग्राफ आधी काढला जातो आणि पॉइंट नंतर बसतात. कॉव्हेन्ट्रीचं वाचल्यापासून त्या प्रॅक्टिकलकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

यानंतर जोन्सच्या लक्षात एक गोष्ट पक्की बसली. संदेश, फोटो, कैद्यांच्या गप्पा हे सगळं ठीक, पण खरं यंत्र हातात आलं पाहिजे. १९४१ अखेर तशी संधी आली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल गावाजवळ कड्याच्या टोकावर एक एकटं घर होतं. हवाई फोटोंत त्या घराकडे जाणारी पायवाट आणि वाटेच्या टोकाशी एक ठिपका जोन्सचे सहकारी चार्ल्स फ्रँक यांच्या नजरेला आला. टोनी हिल नावाच्या वैमानिकाने ५ डिसेंबरला अगदी खालून विमान नेऊन जवळून फोटो काढला. बशीच्या आकाराचा अँटेना स्पष्ट दिसला. हे वुर्झबुर्ग रडार होतं. सुमारे ५३ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालणारं आणि विमानाची जागा अचूक सांगणारं.

२७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री मेजर फ्रॉस्ट यांच्या हाताखाली छत्रीधारी सैनिक तिथे उतरले. बरोबर होता वायुदलाचा रडार मेकॅनिक फ्लाइट सार्जंट कॉक्स. युद्धाआधी हा सिनेमाचं प्रोजेक्टर चालवायचा. वायुदलाचा एकटाच गणवेश सैनिकांत उठून दिसेल आणि पकडला गेला तर जर्मनांना लगेच संशय येईल, म्हणून त्याला भूदलाचा गणवेश द्या अशी जोन्सनी विनंती केली. भूदलाच्या कचेरीने ती नियमावर बोट ठेवून नाकारली! (ऑफिसं सगळीकडची सारखीच.) तरीही भर गोळीबारात कॉक्स आणि सोबत्यांनी रडारचे महत्त्वाचे भाग काढले, जिथे स्क्रू निघेना तिथे पहार लावली, आणि सगळं किनाऱ्यावरच्या होड्यांत घातलं.

लंडनला आलेल्या त्या भागांनी पुष्कळ सांगितलं. बांधणी सुटसुटीत खणांची होती. बिघडलेला खण काढून दुसरा बसवला की काम चालू. म्हणजे चालवणारे फार शिकलेले नसले तरी चालावं, असा विचार त्यामागे होता. पाट्यांवरचे अनुक्रमांक आणि तारखा जुळवून कारखान्यातून साधारण किती रडारं बाहेर पडत असतील, याचाही अंदाज बांधता आला. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, जॅमिंगपासून बचाव करायची काही सोयच त्यात नव्हती. जर्मनांनी त्या बाजूने विचार केलेला नव्हता. जास्तीचं काय आहे हे जसं पाहायचं, तसं काय नाही हेही पाहायचं असतं, ते असं.

उपाय ठरला तो अगदी साधा. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विमानांतून हजारोंनी खाली सोडायच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक हाफ-वेव्ह डायपोल, रडारला प्रत्येक पुंजका विमानासारखा दिसणार. नाव विंडो. शत्रू हीच युक्ती आपल्यावर उलटवेल या भीतीने ती बराच काळ दाबून ठेवली गेली. जोन्स ती वापरा म्हणून मागे लागले होते. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर ती पहिल्यांदा वापरली. सुमारे ८०० बॉम्बर गेले, त्यातले फक्त १२ परत आले नाहीत. पण त्याच आठवड्यात हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं आणि ३५ हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक साधे नागरिक. कॉव्हेन्ट्रीचं दुःख सांगितलं तर हॅम्बुर्गचंही सांगितलंच पाहिजे. ओळखणं हे बुद्धीचं काम होतं, त्यातून पुढे जे घडलं ते आनंदाने वाचवत नाही.

आता थोडं घरचं. हे पुस्तक वाचून झालं त्याच सुमारास आमच्या कम्युनिकेशन लॅबच्या मागच्या खोलीत भंगारात काढायच्या सामानाची यादी चालू होती. त्यात एक काळी जड पेटी होती. नावाची पाटी निघालेली. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद एवढीच, की रेडिओ, जुना, १ नग. लॅबमधल्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, मी लागलो तेव्हापासून ती तिथेच आहे. मी आणि माझ्या प्रोजेक्ट पार्टनरने सरांची परवानगी काढून तिला टेबलावर घेतलं आणि जोन्सचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. यात जास्तीचं काय? तर डायल. शून्यापासून पाच हजारापर्यंत घरं, वर आणखी बारीक वाचायला व्हर्नियर. गाणी किंवा बातम्या ऐकायला इतकी बारीक डायल कशाला? आत एक क्रिस्टल, त्यावर १००० किलोसायकलचा आकडा. आणि काय नाही? स्पीकर नाही. नुसती हेडफोनची जागा. डायलवर फ्रिक्वेन्सीचे आकडे नाहीत, पण पुढच्या बाजूला वही ठेवायला खास खण आहे, रिकामा. म्हणजे आकडे वहीत असणार आणि प्रत्येक पेटीची वही वेगळी असणार.

सरांच्या देखरेखीखाली सप्लाय जोडला. डायल हळूहळू फिरवताना हेडफोनमध्ये शिट्टी आली, बारीक झाली, थांबली, पुन्हा वाढली. झीरो बीट! हा रेडिओ नव्हताच. अनोळखी फ्रिक्वेन्सी मोजायचा मीटर होता, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन लष्कराचा बीसी-२२१. पुस्तकातल्या वर्णनाशी एकेक भाग ताडून पाहिला. सगळे जुळले. भंगाराच्या यादीतून एक नग कमी झाला, आणि त्या संध्याकाळी मेसमधली पातळ डाळसुद्धा आम्हाला गोड लागली.

पण जोन्सची रीत वाटते तितकी सोपी नाही, हे सांगणारा प्रसंगही त्यांच्याच आयुष्यात आहे. १९४३ मध्ये जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या रॉकेटच्या बातम्या येऊ लागल्या. पेनेम्युंडेच्या हवाई फोटोत रेल्वेच्या वाघिणीवर ठेवलेलं एक पांढरं नळकांडं जोन्सनी स्वतः हेरलं. २९ जूनला चर्चिलसमोर बैठक झाली, आणि विरोधात कोण? त्यांचे गुरू लिंडेमन, जे तोवर लॉर्ड चरवेल झाले होते. ही सगळी जर्मनांची हूल आहे, असं त्यांचं म्हणणं. ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांच्या तोंडावर, पंतप्रधानांसमोर, जोन्सनी एकेक पुरावा मांडला. ऑगस्टमध्ये पेनेम्युंडेवर हल्ला झाला.

तरीही रॉकेट केवढं, हा वाद चालूच राहिला. तज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे घन इंधनाचं रॉकेट होतं, त्यामुळे वजनाचे अंदाज ६० ते १०० टनांपर्यंत गेले. १३ जून १९४४ ला चाचणीचं एक रॉकेट भरकटून स्वीडनमध्ये बेकेबो इथे पडलं आणि त्याचे तुकडे फार्नबरोला आले. त्यात रेडिओ-नियंत्रणाचे गुंतागुंतीचे भाग निघाले. साहजिकच वाटलं, की रॉकेट रेडिओने चालवलं जातं, म्हणजे ते जॅम करता येईल. पण ते भाग होते वासरफाल या दुसऱ्याच क्षेपणास्त्राचे, नुसत्या चाचणीपुरते बसवलेले! जास्तीची वस्तू दिसली खरी, पण तिचं उत्तर भलतंच होतं. म्हणून एका तुकड्यावर विसंबायचं नाही. पोलंडमधल्या भूमिगतांनी जिवावर उदार होऊन पाठवलेले भाग, द्रव ऑक्सिजनचे उल्लेख, कैद्यांची माहिती असं सगळं एकत्र ठेवल्यावर १९४४ च्या ऑगस्टमध्ये जोन्स सुमारे १२ टन वजन आणि एक टन स्फोटक या आकड्यांवर आले. सप्टेंबरमध्ये व्ही-२ लंडनवर पडू लागलं तेव्हा ते जवळजवळ तेवढंच निघालं. ते आकाशात अडवण्याचा उपाय मात्र कुणाकडेच नव्हता. यंत्र ओळखलं म्हणजे ते थांबवता येतंच, असं नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये, पस्तिशीही पूर्ण झालेली नसताना, जोन्स स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. अतिसूक्ष्म हालचाली मोजणारी उपकरणं बनवायची आणि ती वापरून प्रकाशाचा दाब मोजायचा, असं त्यांचं संशोधन. १९६५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. १७ डिसेंबर १९९७ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते गेले.

ज्या रडारमागे ते लागले होते, त्याचंही पुढचं आयुष्य मोठं छान आहे. वुर्झबुर्गच्या थोरल्या भावाचे साडेसात मीटरचे अँटेना युद्धानंतर ठिकठिकाणी बेवारस पडले होते. हॉलंडमध्ये त्यातला एक शास्त्रज्ञांनी घेतला, आणि १९५१ मध्ये मुलर आणि ऊर्ट यांनी त्यातून आकाशातल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर ऐकली. त्याच वर्षी काही आठवडे आधी ती अमेरिकेत पहिल्यांदा सापडली होती. नारायणगावजवळ खोडदला आपल्या जीएमआरटीच्या ३० अँटेना उभ्या आहेत, त्यांच्या रिसीव्हरमध्ये १४२० मेगाहर्ट्झच्या याच लहरीसाठीही पट्टा आहे. सहल निघाली तर ही गोष्ट आठवणीने सांगा.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांना पुढे दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांशीच झगडायचं आहे. मॅन्युअल हरवलेलं असेल, बनवणारी कंपनी बंद पडलेली असेल, आधीच्या माणसाने रिपोर्टमध्ये ‘सर्व नेहमीप्रमाणे’ लिहून सही केलेली असेल. तेव्हा फार्नबरोला लावलेला तो फोन आठवा. त्यात काही वेगळं आढळलं का, असं विचारा. उत्तर नाही आलं, तरी लगेच फोन ठेवू नका. समोरच्याला जरा वेळ द्या. आणि तो सूर दीड हजार हर्ट्झचा की दोन हजारचा, हे मात्र स्वतः मोजा.

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)